डाळिंबातली दुमजली चाळ

डाळिंब सोलायचा कंटाळा म्हणून ते घरी न आणणारे लोक पुष्कळ आहेत. फळ सगळ्यांना आवडतं, पण 'सोलणार कोण' इथे घोडं अडतं. मग सोललेल्या दाण्यांची डबी चढ्या भावाने घ्यायची, नाहीतर सरळ केळी उचलून घरी यायचं. या कंटाळ्याचा दोष मी डाळिंबाला देत नाही, तो हाताच्या सवयीचा आहे. मोसंबं, लिंबू, कांदा, टोमॅटो असं काहीही गोल हातात आलं की आपण ते आडवं धरून मधोमध कापतो. मोसंब्याचं त्यात काही बिघडत नाही. डाळिंबाच्या मध्यावर मात्र दाण्यांची सगळ्यात जास्त दाटी असते. सुरी आरपार गेली की कितीतरी दाणे जागीच फुटतात, रस ओट्यावरून ओघळतो, आणि मग दाणे काढणाऱ्याची बोटं, बाही आणि मनःस्थिती तिन्ही रंगतात.

आत काय आहे हे एकदा माहीत झालं की सुरी कुठे लावायची ते वेगळं सांगावं लागत नाही. डाळिंब ही आतून एक दुमजली चाळ आहे. देठाकडचा तळमजला लहान, त्यात बहुधा तीन खोल्या. मुकुटाकडचा वरचा मजला ऐसपैस, त्यात पाच ते सात, एखाद्या फळात त्याहून जास्त. खोल्यांच्या भिंती म्हणजे ते पिवळसर पांढरे पापुद्रे, जे दातांत आले तर तोंड तुरट होतं. दोन मजल्यांच्या मध्येही तसाच पापुद्रा असतो, पण तो सपाट नसतो, चांगला वाकडातिकडा असतो. त्यामुळे तळमजला नेमका कुठे संपतो हे बाहेरून सांगता येत नाही.

हे बांधकाम कळीतच सुरू होतं. डाळिंबाच्या कळीत बीजकोषांची दोन वर्तुळं असतात, एक आतलं आणि एक बाहेरचं. फुलाची लाल मांसल वाटी वाढत जाते तसं बाहेरचं वर्तुळ उचललं जातं आणि आतल्याच्या डोक्यावर जाऊन बसतं. एकाच फळात दोन मजले येतात ते असे. या वेगळेपणापायी वनस्पतिशास्त्राने डाळिंबाच्या फळप्रकाराला 'बालॉस्टा' असं वेगळं नावच देऊन टाकलं आहे. आणखी एक बारकावा सोलताना उपयोगी पडतो. वरच्या मजल्यावरचे दाणे बाहेरच्या भिंतीला, म्हणजे सालीच्या बाजूला चिकटलेले असतात, तर तळमजल्यावरचे आतल्या बाजूला, मधल्या गाभ्याला. म्हणून वरचे दाणे साल उलटी वाकवली की सुटतात आणि खालचे गड्डा हातात घेऊन सोडवावे लागतात.

डोक्यावरचा मुकुट हा फुलाचा निदलपुंज. पाकळ्या गळून जातात, तो मात्र फळाबरोबर वाढतो आणि शेवटपर्यंत टिकतो. त्याच्या आत डोकावलं तर वाळलेले पुंकेसरही दिसतात.

आपण खातो तो भाग कोणता, याचंही उत्तर जरा वेगळं आहे. आंब्यात आपण फळाचा गर खातो आणि बी टाकतो. डाळिंबात फळाची भिंत, म्हणजे साल आणि पांढरा भाग, टाकून देतो आणि बी खातो. प्रत्येक दाणा म्हणजे एक पूर्ण बी. त्याच्या आवरणाचा बाहेरचा थर रसाने फुगलेला असतो, आतला थर कठीण होतो. फळात दाणे किती, हे किती बीजांडांचं फलन झालं यावर ठरतं. ज्यू परंपरेत डाळिंबात 613 दाणे असतात असं म्हणतात, कारण त्यांच्या धर्मग्रंथातल्या आज्ञा तितक्या मानल्या जातात. प्रत्यक्ष मोजायला बसलं तर दोन फळांचे आकडे जुळणं मुश्कील.

डाळिंबाचं पूर्वी स्वतंत्र कूळ मानत असत. आता ते मेंदीच्या कुळात धरतात. महाराष्ट्राचं राज्यफूल असलेलं ताम्हण याच कुळातलं, आणि उपासाचा शिंगाडाही. डाळिंबाच्या स्वतःच्या प्रजातीत मात्र फक्त दोन जाती उरल्या आहेत. एक आपल्या खाण्यातली, आणि दुसरी येमेनजवळच्या सोकोत्रा बेटावरची रानटी.

आता सुरी घ्या. छोटी आणि धारदार हवी, आणि स्टेनलेस स्टीलची. डाळिंब मुकुट वर येईल असं पाटावर बसवा. मुकुटाभोवती, त्याच्या बुडापासून बोटभर अंतरावर, सुरीचं टोक तिरकं आत धरून गोल फिरवा. सुरी सालीपुरतीच जाऊ द्या, भगवा या वाणासारख्या जाड सालीच्या फळातही काही मिलिमीटरच्या वर खोल जायची गरज पडत नाही. मुकुट झाकणासारखा उचलून निघतो. खाली पांढऱ्या रेषा मध्यापासून कडेकडे गेलेल्या दिसतात. त्या वरच्या मजल्याच्या भिंती. पिकलेल्या फळाच्या अंगावर बाहेरूनही बोथट कंगोरे जाणवतात आणि ते बहुतेक वेळा याच भिंतींच्या जवळपास असतात. प्रत्येक पांढऱ्या रेषेपासून देठापर्यंत सालीवर एक उभी रेघ ओढा. इथेही सुरी आत घुसवायची नाही. मग दोन्ही अंगठे मधल्या खळग्यात घालून फळ हलकेच बाहेर ओढा.

वरचा मजला भिंतीभिंतीवर सुटतो आणि एकही दाणा फुटत नाही. तळाशी मात्र फळ अडतं. तुमच्या हाताचं त्यात काही चुकलेलं नाही. तुम्ही रेघा मारल्या वरच्या मजल्याच्या पाच-सहा भिंतींवर, खाली खोल्या आहेत तीन, आणि त्यांच्या भिंती वरच्या भिंतींच्या खाली येत नाहीत. इथे जोर लावून फाडाफाड करणारे लोक शेवटच्या क्षणी डाग पाडून घेतात. त्याऐवजी फाकलेल्या फळातून मधला गड्डा तसाच उचलून घ्यावा, वरचा पापुद्रा सोलावा आणि दाणे अंगठ्याने पुढे लोटावेत. फळ पूर्ण पिकलेलं असेल तर दाण्याची बारीक पांढरी दांडी जागच्या जागी सुटते. कच्च्या फळात ती दाण्याला चिकटून येते, आणि मग कितीही निगुतीने सोललं तरी वाटीत पांढरे ठिपके राहतातच.

दुसरी रीत ठोकण्याची. मध्यावर सालीपुरती आडवी रेघ मारायची, फळ दोन्ही हातांनी उलटसुलट पिळून त्याचे दोन भाग करायचे, एक भाग दाणे खाली येतील असा पसरलेल्या बोटांवर धरायचा आणि पाठीवर लाकडी चमच्याने किंवा लाटण्याने ठोकायचं. दाणे पातेल्यात पडत राहतात. दहा-बारा जणांसाठी दाणे काढायचे असतील तर ही रीत बरी, पण ती ताज्या फळाची. आठवडाभर बाहेर राहून साल चामड्यासारखी कडक झाली की ठोका आत पोचतच नाही, आवाज तेवढा होतो. ठोकण्याआधी अर्धुकाच्या कडा बोटांनी बाहेरच्या बाजूला ताणून सैल केल्या तर निम्मं काम तिथेच होतं, हे फार कमी लोक करतात.

तिसरी रीत पाण्यातली. खोल भांड्यात पाणी घेऊन फळ त्यात बुडवून फोडायचं. दाणे जड, ते तळाशी बसतात. पांढरा भाग भुसभुशीत, त्यात हवा अडकलेली, म्हणून तो वर तरंगतो आणि झाऱ्याने काढून टाकता येतो. कपडे वाचतात हे खरं. पण फुटलेल्या दाण्यांचा रस पाण्यात जातो, आणि ओले दाणे डब्यात लवकर खराब होतात. मला ही रीत पांढरी साडी नेसून डाळिंब सोलायची वेळ आलेल्यांसाठी राखून ठेवावीशी वाटते.

इराणात तर सोलायचंच नाही अशीही एक रीत आहे. पातळ सालीचं, रसाळ फळ दोन्ही हातांत धरून चहूबाजूंनी हळूहळू दाबत जायचं. साल फुटू द्यायची नाही, आतले दाणे मात्र एकेक करून फुटले पाहिजेत. सगळं फळ मऊ झालं की एका जागी बारीक भोक पाडून तोंड लावायचं. याला ते 'आब-लंबू' म्हणतात. दाबताना एकाच जागी जोर पडला तर साल उसवते आणि रस अंगावर. एरवी इराणी माणूस दाण्यांवर मीठ आणि 'गोलपर' नावाच्या रानबियांची पूड भुरभुरवतो. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, यल्दा, डिसेंबरच्या 20-21 तारखेला येते. त्या रात्री घरातली माणसं जागत बसतात, तेव्हा कलिंगडाबरोबर डाळिंब ताटात हवंच. इराणपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचा पट्टा हे डाळिंबाचं मूळ घर मानतात. हिमाचल आणि उत्तराखंडच्या उतारांवर आजही रानटी आंबट डाळिंबाची झाडं आहेत. त्यांचे दाणे वाळवून अनारदाणा करतात, आणि पंजाबी छोल्यांना जी आंबट चव असते ती बरेचदा त्यातून येते.

आपल्या मुंबई-पुण्याच्या पारशी घरांत इराणचा हा धागा अजून शाबूत आहे. नवजोत या दीक्षाविधीच्या आधीच्या स्नानात मूल डाळिंबाचं पान चावतं, आणि विधी संपताना धर्मगुरू त्याच्यावर तांदूळ, खोबरं आणि डाळिंबाचे दाणे उधळतात. आपल्याकडे गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींत डाळिंबाचं पान असतं.

सोलायच्या आधीची गोष्ट म्हणजे निवड. त्यातला पहिला नियम कठोर आहे: डाळिंब झाडावरून उतरलं की पिकणं थांबलं. आंबा अढीत पिकतो, केळी घरात पिवळी होतात. डाळिंबाला ती सोय नाही. आंबट आणलं तर ते आठ दिवस ठेवून फक्त शिळं आंबट होईल. म्हणून पिकलेलंच घ्यायचं. कच्चं फळ गुळगुळीत गोल असतं. पिकत येताना आतले दाणे फुगून सालीवर दाब देतात, फळाच्या बाजू चपट्या होतात आणि ते थोडं चौकोनी दिसू लागतं. मुकुटाची टोकं आत मिटायला लागतात. एकाच आकाराच्या दोन फळांतलं जड ते घ्यावं, कारण वजन रसाचं असतं. टिचकी मारून ऐकणारेही असतात, पिकलेल्या फळाचा नाद खणखणीत येतो. पण बाजाराच्या गोंगाटात हे फार जमत नाही.

रंगावर मात्र भिस्त ठेवू नये, तो वाणाचा असतो. गणेश हा जुना, नावाजलेला वाण. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी 1936 साली आळंदी या वाणातून तो निवडला. त्याची साल पिवळसर, गालावर थोडी लाली, दाणे फिकट गुलाबी, बी मऊ आणि चव गोड. भगव्याच्या शेजारी ठेवला तर तो आजारी वाटतो, आणि इतक्यामुळेच बाजारात मागे पडला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गणेशच्या संकरातून भगवा काढला आणि 2003 च्या सुमारास शेतकऱ्यांपर्यंत पोचवला. चकचकीत शेंदरी साल, लालभडक दाणे, आणि लांबचा प्रवास सोसणारी जाड कातडी, यामुळे त्याने सगळा बाजार काबीज केला. कुठे त्याला शेंदरी म्हणतात, कुठे अष्टगंधा, कुठे मस्तानी. चवीचं म्हणाल तर मला चांगला पिकलेला गणेश आजही सरस वाटतो. पण मिळेल तर शपथ.

देशात सगळ्यात जास्त डाळिंब महाराष्ट्रात होतं, आणि त्यातही सोलापूर, नाशिक, सांगली, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांच्या कोरड्या भागांत. सांगोला, आटपाडी, माण इथल्या माळरानावर जिथे ज्वारीलाही पाण्याची पंचाईत, तिथे ठिबकवर डाळिंब उभं राहिलं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून सोलापूरजवळ केगावला आहे, आणि सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याला डाळिंब जवळपास बारा महिने दिसतं ते शेतकऱ्याच्या बहाराच्या गणितामुळे. झाडाचं पाणी तोडायचं, त्याला ताण द्यायचा, पानगळ करायची आणि मग पुन्हा पाणी सोडायचं, की कळी निघते. जानेवारी-फेब्रुवारीत केलं तर आंबे बहार, पावसाच्या तोंडावर मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. कळीपासून तोडणीपर्यंत साधारण सहा महिने जातात. हस्ताचं फळ कोरड्या, थंड हवेत वाढतं, म्हणून त्याला रंग चांगला येतो. मृगाच्या फळाला पावसात तेल्याची धास्ती असते. हा जिवाणूंचा रोग सालीवर तेलकट काळे डाग आणतो आणि पुढे त्याच डागांतून फळ तडकतं. या रोगाने बागाच्या बागा काढाव्या लागल्या आहेत. खाणाऱ्यापुरतं सांगायचं तर डाग सालीपुरता असेल आणि भेग आत गेली नसेल तर दाण्यांना काही होत नाही. असं फळ स्वस्तात मिळालं तर खुशाल घ्यावं. उलट बाहेरून आरशासारखं लखलखणारं फळ आत तपकिरी, मऊ दाण्यांचं निघू शकतं. ते बहुधा झाडावर जास्त दिवस राहिलेलं असतं, किंवा मुकुटाच्या वाटेने आत बुरशी शिरलेली असते. फळ हलकं लागणं ही त्याची बाहेरून कळणारी जवळपास एकमेव खूण.

अख्खं फळ बाहेर टोपलीत आठ-दहा दिवस चांगलं राहतं, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात महिनाभर. सोललेले कोरडे दाणे बंद डब्यात चार दिवसांत संपवावेत.

खायचं कसं, याला नियम नाही. मुठीने तोंडात टाकावेत हे उत्तम. दहीभातावर, काकडीच्या कोशिंबिरीत, दडपे पोह्यांवर ते शोभतात, इंदूरच्या पोह्यांवर तर शेवेबरोबर असतातच. फोडणी गार झाल्यावरच घालायचे. गरम पदार्थात दाणा मलूल होतो आणि त्याची फुटण्याची मजा जाते. बी गिळायची की थुंकायची हा वाद घरोघर आहे. बी खाण्याजोगी आहे, चावून खाल्ली तर उत्तमच. 100 ग्रॅम दाण्यांत साधारण 4 ग्रॅम तंतू असतात, ते मुख्यतः या बीमुळे. रस काढून चोथा टाकणारा माणूस ते सगळं टाकतो आणि साखर तेवढी पितो.

'डाळिंब खा, रक्त वाढेल' हा सल्ला अशक्त मुलींना आणि बाळंतिणींना सर्रास दिला जातो. 100 ग्रॅम दाण्यांत लोह असतं सुमारे 0.3 मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीची रोजची गरज 29 मिलिग्रॅम धरली आहे. ती डाळिंबाने भागवायची तर रोज जवळपास दहा किलो दाणे लागतील. दाण्यांचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, बिटाचा लाल रंग आणखी वेगळ्याच द्रव्याचा, आणि रक्ताशी दोघांचा संबंध डोळ्यापुरता. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी घ्यावी आणि डाळिंब आवडतं म्हणून खावं.

शेवटी राहिले डाग आणि साली. रसाचा डाग ताजा असताना थंड पाण्याने धुवावा. थेट साबण लावला तर तो निळसर होतो, कारण अँथोसायनिन आंबटात लाल आणि क्षारात निळं-हिरवं दिसतं. आधी थोडं लिंबू चोळून मग साबण लावला तर बराचसा निघतो. सालीच्या पाण्याचा डाग मात्र वेगळा. तो आधी दिसत नाही, वाळल्यावर पिवळसर तपकिरी होतो आणि मग हटत नाही. त्यामागे टॅनिन आहे. कातडं कमवायला, कापड रंगवायला साल वापरतात ती त्यासाठीच. कच्छच्या अजरख छपाईत डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग निळीवर चढवून हिरवा काढतात. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळसर रंग तयार होतो. जुन्या लोखंडी विळीवर डाळिंब कापलं की पातं काळं पडायचं, त्याचं कारण हेच.

सालींचा प्रयोग घरी करायचा असेल तर त्या उन्हात कडक वाळवून ठेवाव्यात. मूठभर साली तासभर उकळून गाळल्या आणि तुरटीच्या पाण्यातून काढलेलं सुती कापड त्यात मुरवलं की मऊसर पिवळा रंग येतो. त्याच पाण्यात गंजके खिळे टाकले तर तो करडा, मग काळपट होत जातो. भांडं स्टीलचं घ्या, आणि ढवळायला जे लाकूड घ्याल ते पुन्हा स्वयंपाकात आणू नका.